हिटलरला खुर्ची कोणी दिली?

"हिटलर लोकांनीच निवडून दिला होता," असं लोकशाहीवरच्या चर्चेत कुणीतरी म्हणतं आणि चर्चा तिथेच थांबते. लोकच तसे असतील तर काय करणार, असा त्याचा सूर असतो. मला हे वाक्य फार खटकतं. नाझी पक्षाला कोट्यवधी मतं मिळाली होती, यात शंका नाही. पण मोकळ्या वातावरणात झालेल्या एकाही निवडणुकीत त्याला बहुमत मिळालं नव्हतं. जुलै १९३२ मध्ये मिळालेली ३७ टक्के मतं हा त्याचा कळस होता. चारच महिन्यांनी, नोव्हेंबरच्या निवडणुकीत, पक्ष ३३ टक्क्यांवर आला. वीस लाख मतं निघून गेली होती. त्यानंतर, पक्ष उतरणीला लागलेला असताना, ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला, म्हणजे आपल्या भाषेत पंतप्रधान.

मतदारांनी जे दिलं नव्हतं ते मूठभर माणसांनी दिलं. ते कसं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

नोव्हेंबर १९१८ मध्ये पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनीत सम्राट दुसरा विल्हेल्म पायउतार झाला आणि ९ तारखेला प्रजासत्ताकाची घोषणा झाली. बर्लिनमध्ये दंगली चालू होत्या, म्हणून घटना समितीची बैठक वायमार या शांत गावात भरवली. त्यावरून त्या काळच्या जर्मनीला वायमार प्रजासत्ताक म्हणतात. युद्ध हरले होते सम्राट आणि सेनापती, पण युद्धबंदीच्या कागदावर सह्या केल्या नव्या सरकारच्या शिष्टमंडळाने, आणि त्याचा प्रमुख नागरी माणूस होता. मग सेनापती म्हणू लागले, सैन्य रणांगणावर हरलंच नव्हतं. घरातल्या समाजवाद्यांनी आणि ज्यूंनी पाठीत सुरा खुपसला. हे धादांत खोटं होतं. ते पसरवणाऱ्यांत फील्ड मार्शल हिंडेनबर्ग पुढे होता. युद्ध थांबवा म्हणून सरकारच्या मागे लागलेल्या लष्करी नेतृत्वाचा तो स्वतः प्रमुख होता. पराभवाचं आणि हरलेल्या जर्मनीवर लादलेल्या व्हर्सायच्या तहाचं खापर अशा रीतीने प्रजासत्ताकाच्या डोक्यावर फुटलं. युद्धबंदीवर सही करणाऱ्या मॅथियास एर्त्सबर्गरचा १९२१ मध्ये खून झाला. परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाऊचा १९२२ मध्ये.

इथे एक गैरसमज दूर करू. १९२३ ची महागाई सगळ्यांना ठाऊक असते: एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क, टोपलीभर नोटा घेऊन पाव आणायला जाणारी माणसं. त्या महागाईमुळे हिटलर आला असं सर्रास सांगितलं जातं. पण महागाई नोव्हेंबर १९२३ मध्ये नवं चलन आणून आटोक्यात आली. त्याच महिन्यात म्युनिकमध्ये हिटलरने बंडाचा प्रयत्न केला, तो फसला. पुढची पाच वर्षं जर्मनी बऱ्यापैकी सावरला, आणि मे १९२८ च्या निवडणुकीत नाझींना मिळाली २.६ टक्के मतं. महागाईने आयुष्यभराची बचत मातीमोल झालेला मध्यमवर्ग मनातून दुखावलेला राहिला, हे मान्य. पण हिटलरची लाट आली ती त्यानंतरच्या, अगदी उलट्या प्रकारच्या संकटात. त्यात भाव वाढत नव्हते, कोसळत होते, आणि काम मिळत नव्हतं.

म्युनिकच्या बंडाने मात्र हिटलरला एक धडा दिला. राजद्रोहासाठी त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली, तीही सौम्य मनाच्या न्यायाधीशांकडून, आणि जेमतेम नऊ महिन्यांत तो बाहेर आला. आपल्याला बंदुकीने सत्ता मिळणार नाही, कायद्याच्या दाराने आत शिरायचं, हे त्याने ठरवलं. १९३० मध्ये लाइपझिगच्या न्यायालयात त्याने शपथेवर सांगितलं की आमचा मार्ग कायदेशीर असेल. आत शिरल्यावर राज्याची घडण बदलणार, हेही त्याने लपवलं नव्हतं.

कायद्याचं ते दार घटनेतच होतं. १९१९ ची वायमारची राज्यघटना त्या काळातली फार पुढारलेली घटना होती. स्त्रियांना मतदानाचा हक्क, नागरी स्वातंत्र्यं, प्रमाणशीर प्रतिनिधित्व, सगळं तिच्यात होतं. पण घटनाकारांना संसदेचा पुरता भरवसा वाटत नव्हता. म्हणून त्यांनी थेट लोकांनी सात वर्षांसाठी निवडायचा राष्ट्राध्यक्ष ठेवला आणि त्याच्या हाती तीन अधिकार दिले. चॅन्सेलरची नेमणूक तो करणार. राइशस्टाग, म्हणजे संसद, तो बरखास्त करू शकणार. आणि सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात आली तर कलम ४८ खाली तो वटहुकूम काढू शकणार, मूलभूत हक्क स्थगित करू शकणार. वटहुकूम रद्द करण्याचा हक्क संसदेला होता. पण संसदेने तो वापरला की राष्ट्राध्यक्ष संसदच बरखास्त करू शकत होता. तिन्ही अधिकार सुटे सुटे पाहिले तर रास्त वाटतात. एकाच माणसाने ते एकामागोमाग वापरले तर संसदेशिवाय राज्य चालतं.

या कलमाचं आपल्याशीही नातं आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये आपल्या संविधान सभेत आणीबाणीच्या तरतुदींवर चर्चा चालू होती, तेव्हा ह. वि. कामत यांनी वायमारच्या घटनेचा दाखला देऊन सभागृहाला सावध केलं होतं. तरतुदी तरीही मंजूर झाल्या. १९७५ ते ७७ चा अनुभव घेतल्यावर, १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने, जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं ठरलं.

जर्मनीचा पहिला राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट समाजवादी होता. त्यानेही कलम ४८ अनेकदा वापरलं, पण प्रजासत्ताक टिकवण्यासाठी. १९२५ मध्ये तो वारला आणि त्याच्या जागी निवडून आला हिंडेनबर्ग, म्हणजे मनाने सम्राटाचाच माणूस. पहिली पाच वर्षं तो घटनेच्या चौकटीत राहिला. १९२९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला, अमेरिकन कर्जावर उभा असलेला जर्मन उद्योग खचला आणि बेकारांची संख्या वाढू लागली. तेव्हा समाजवादी, कॅथलिकांचा केंद्र पक्ष आणि उदारमतवादी पक्ष यांचं आघाडी सरकार होतं. मार्च १९३० मध्ये ते पडलं. बेकारी विम्याच्या वर्गणीवरून. ती साडेतीन टक्क्यांवरून चार करावी की नाही, या अर्ध्या टक्क्यावर. संसदेतल्या बहुमतावर उभं असलेलं वायमारचं ते शेवटचं सरकार ठरलं.

लोकशाही नेमकी कधी मोडली असं कुणी विचारलं तर मी १९३३ सांगणार नाही, हा मार्च १९३० सांगेन. कारण यानंतर हिंडेनबर्गच्या भोवतीच्या मंडळींनी ठरवलं की आता समाजवाद्यांना आणि संसदेलाच बाजूला सारायचं. नवा चॅन्सेलर हाइनरिश ब्रूनिंग याच्याकडे बहुमत नव्हतं. जुलैत संसदेने त्याची आर्थिक योजना फेटाळली, ती त्याने वटहुकमाने लागू केली. संसदेने वटहुकूम रद्द केला, तर संसद बरखास्त झाली. मुदतीच्या दोन वर्षं आधी, बेकारी वाढत असताना, काहीही गरज नसताना निवडणूक लादली गेली. १४ सप्टेंबर १९३० चा निकाल सगळ्यांना हादरवणारा होता: नाझींच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या.

पुढे वटहुकमांचंच राज्य सुरू झालं. १९३० मध्ये संसदेने ९८ कायदे केले होते, १९३२ मध्ये केले फक्त ५. बैठकाही ९४ वरून १३ वर आल्या. समाजवाद्यांनी नाइलाजाने ब्रूनिंगला चालू दिलं, कारण तो पडला तर पुढे हिटलर उभा होता. आणि ब्रूनिंग काय करत होता? संकटाच्या काळात पगार कापत होता, भत्ते कापत होता, कर वाढवत होता. लोक त्याला भुकेचा चॅन्सेलर म्हणू लागले. जुलै १९३१ मध्ये मोठी बँक बुडाली. १९३२ च्या सुरुवातीला बेकारांचा आकडा ६० लाखांवर गेला. भाकरीचे निर्णय संसदेत होतच नसतील, तर संसदेचा उपयोग काय असं माणसाला वाटू लागतं. नाझी तेच तर सांगत होते.

मग त्यांना मतं कोणी दिली? बेकार कामगारांनी, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात बेकार झालेला गिरणी-कारखान्यातला कामगार जास्त करून कम्युनिस्टांकडे गेला. कॅथलिक भागही बऱ्यापैकी बाजूला राहिला. कोलोन-आखेन मतदारसंघात नाझींना कळसाच्या काळातही जेमतेम पाचवा हिस्सा मिळाला. नाझी फोफावले प्रोटेस्टंट खेड्यांत आणि लहान गावांत, शेतकरी, दुकानदार, कारागीर, कारकून, पेन्शनर यांच्यात. उत्तरेकडचा श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांत पाहा. दूध, डुकरं, गुरं यांचे भाव पडलेले, कर्ज वाढलेलं, कर थकलेला, जप्ती दारात. १९२८ मध्ये तिथे शेतकऱ्यांचे प्रचंड मोर्चे निघाले, जप्त जनावरांचे लिलाव अडवले गेले. नेहमीच्या पक्षांनी त्यांची दाद घेतली नाही. नाझी कार्यकर्ता गावोगाव गेला, शेतकऱ्याच्या बोलीत बोलला आणि सगळ्याचा दोष बर्लिन, ज्यू आणि व्हर्साय यांच्यावर टाकून मोकळा झाला. १९२८ मध्ये तिथे नाझींना ४ टक्के मतं होती. जुलै १९३२ मध्ये ५१.

त्या शेतकऱ्याचं दुःख खरं होतं. ते ऐकून घेणारा दुसरा कोणी गावात पोचला नाही, हे वाचताना मला नेहमी अस्वस्थ करतं. द्वेषाला मत दिल्याची जबाबदारी त्यामुळे संपत नाही, पण ती मतं आकाशातून पडलेली नव्हती.

डाव्यांचं घर तर दुभंगलेलंच होतं. मॉस्कोच्या आदेशावर चालणारे कम्युनिस्ट समाजवाद्यांना 'सामाजिक फॅसिस्ट' म्हणत आणि त्यांनाच मुख्य शत्रू मानत. नोव्हेंबर १९३२ मध्ये दोघांची मतं मिळून ३७ टक्के होती, नाझींपेक्षा जास्त. पण ती बेरीज फक्त कागदावर होती.

आता १९३२. वसंतात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. हिटलर उभा राहिला (तो जर्मन नागरिक झाला होता त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत!) आणि हरला: दुसऱ्या फेरीत हिंडेनबर्ग ५३ टक्के, हिटलर ३६.८. चौऱ्याऐंशी वर्षांच्या राजेशाहीवादी म्हाताऱ्याला निवडून आणलं समाजवाद्यांनी आणि कॅथलिकांनी, हिटलर नको म्हणून. ज्यांनी मतं दिली त्यांच्याशीच म्हाताऱ्याने फारकत घेतली. मे महिन्यात त्याने ब्रूनिंगला काढलं आणि फ्रान्झ फॉन पापेन या उमरावाला नेमलं. पापेनच्या मागे जवळजवळ कुठलाच पक्ष नव्हता. सप्टेंबरात त्याच्यावरचा अविश्वास ठराव ५१२ विरुद्ध ४२ मतांनी मंजूर झाला.

पापेनने सत्तेवर असताना एक गोष्ट केली, तिची चर्चा कमी होते. जर्मनीचा सुमारे तीन पंचमांश भाग आणि तेवढीच लोकसंख्या प्रशिया या एका राज्यात होती. तिथे समाजवाद्यांच्या नेतृत्वाखालचं सरकार होतं आणि पोलीसही त्याच सरकारच्या हाताखाली होते. २० जुलै १९३२ रोजी, रस्त्यावरच्या दंगलींचं निमित्त करून, पापेनने कलम ४८ खाली ते सरकार बडतर्फ केलं. समाजवाद्यांनी प्रतिकार न करता न्यायालयाचा रस्ता धरला. प्रजासत्ताकाच्या बाजूने उभं राहू शकेल असं सर्वांत मोठं पोलीस दल अशा रीतीने केंद्र सरकारच्या हाती गेलं. सहा महिन्यांनी त्यावर नाझी नेता हेरमान गोरिंग येऊन बसला.

डिसेंबरात पापेन गेला, जनरल कुर्ट फॉन श्लायशर आला. त्याचा डाव नाझी पक्ष फोडण्याचा होता. पक्षसंघटनेचा प्रमुख ग्रेगोर श्ट्रासर याला गळाला लावायचा त्याने प्रयत्न केला. श्ट्रासरने हिटलरशी भांडून राजीनामा दिला, पण पक्ष फुटला नाही. तरी नाझी अडचणीत होते. तिजोरी रिकामी, मतं घटलेली, पक्षाचा प्रचारप्रमुख गोबेल्स याच्या रोजनिशीत निराशा. बर्लिनच्या अनेक जाणत्या लोकांना नववर्षाच्या दिवशी वाटत होतं की धोका टळला.

तिथून चार आठवड्यांत जे घडलं ते मतपेटीत घडलं नाही. ४ जानेवारीला कोलोनमध्ये कुर्ट फॉन श्रोडर या बँकरच्या घरी पापेन आणि हिटलर गुपचूप भेटले. पापेनला श्लायशरवर सूड उगवायचा होता. हिटलरला चॅन्सेलरपद हवं होतं, त्यापेक्षा कमी काही नको होतं. नंतरच्या भेटी बर्लिनच्या डालेम भागात, नाझी पक्षातल्या रिबेनट्रॉपच्या बंगल्यावर झाल्या. तिथे हिंडेनबर्गचा मुलगा ओस्कार आणि राष्ट्राध्यक्षांचा सचिव ओटो माइसनर येऊन मिळाले. हिंडेनबर्गने ऑगस्टमध्ये हिटलरला तोंडावर नकार दिला होता. आता आपल्या लाडक्या पापेनने हमी दिल्यावर तो वाकला. हमी अशी होती की मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी फक्त तिघे, बाकी सगळे आपले विश्वासू. उपचॅन्सेलर स्वतः पापेन. अर्थखातं आणि शेतीखातं राष्ट्रवादी पक्षाच्या हुगेनबर्गकडे. पापेनला खात्री होती की दोन महिन्यांत हिटलरला कोपऱ्यात दाबून टाकू. लगाम आपल्या हातात आहे असं समजून त्यांनी त्याला घोड्यावर बसवलं.

या माणसांना हिटलरची मतं हवी होती, हिटलर नको होता. समाजवादी, कामगार संघटना आणि संसद यांच्यापासून कायमची सुटका व्हावी ही त्यांची मनापासूनची इच्छा होती, आणि त्यासाठी लागणारी गर्दी त्यांच्याकडे नव्हती. ती हिटलरकडे होती. मी याला भोळेपणा म्हणणार नाही. लोकशाही संपवायची हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. संपल्यावर मालक कोण, एवढाच हिशेब पापेनचा चुकला.

हिटलर सोडून उरलेल्या दोघा नाझींकडे कोणती खाती होती? फ्रिककडे देशाचं गृहखातं. गोरिंगकडे प्रशियाचं गृहखातं. पोलीस! २२ फेब्रुवारीला गोरिंगने नाझींच्या खासगी दलांतल्या आणि त्यांच्या मित्रसंघटनांतल्या ५० हजार माणसांना साहाय्यक पोलीस म्हणून दंडाला पट्टा बांधून दिला. काल रस्त्यावर मारामारी करणारा आज सरकारी माणूस झाला.

२७ फेब्रुवारीच्या रात्री राइशस्टागची इमारत पेटली. मारिनुस फान डर लुबे हा चोवीस वर्षांचा डच तरुण जागीच सापडला. त्याने हे एकट्याने केलं असं बहुतेक इतिहासकार मानतात. नाझींनी कम्युनिस्टांचा उठाव म्हणून हाकाटी केली. दुसऱ्या दिवशी हिंडेनबर्गने कलम ४८ खाली वटहुकमावर सही केली. व्यक्तिस्वातंत्र्य, भाषण, वृत्तपत्र, सभा, संघटना, टपालाची गुप्तता, घराच्या झडतीपासूनचं संरक्षण आणि मालमत्तेचं संरक्षण, सगळे हक्क 'तूर्त' स्थगित. हे 'तूर्त' १९४५ पर्यंत चाललं. वॉरंट नको, खटला नको, 'संरक्षक कोठडी' पुरेशी. काही आठवड्यांत हजारो कम्युनिस्ट आणि समाजवादी आत गेले. मार्चमध्ये म्युनिकजवळ डाखाऊची छावणी उघडली.

अशा दहशतीत ५ मार्चची निवडणूक झाली. तरीही नाझींना ४३.९ टक्केच मिळाले. हुगेनबर्गच्या पक्षाची मतं धरून बहुमत काठावर जमलं. पण घटना बाजूला ठेवण्यासाठी दोन-तृतीयांश हवं होतं.

२३ मार्चला क्रोल ऑपेराच्या नाट्यगृहात संसद भरली. सभागृहाच्या बाहेर आणि आतल्या मोकळ्या जागांत तपकिरी गणवेशातली नाझी दलाची माणसं उभी. कम्युनिस्टांच्या ८१ खासदारांना येऊच दिलं नव्हतं. ठराव असा की चार वर्षांसाठी सरकारच कायदे करील, संसदेशिवाय, आणि ते घटनेविरुद्धही असू शकतील. केंद्र पक्षाने चर्चच्या हक्कांबद्दल आश्वासनं घेतली. ती लेखी देण्याचं कबूल झालं होतं, ते पत्र आलंच नाही. आतल्या बैठकीत विरोध करणारा ब्रूनिंगही शेवटी पक्षाबरोबर गेला. समाजवाद्यांचा नेता ओटो वेल्स बोलायला उठला. आमचं स्वातंत्र्य आणि आमचा जीव तुम्ही घेऊ शकता, आमची अब्रू घेऊ शकत नाही, असं तो त्या सभागृहात म्हणाला. त्याच्या पक्षाचे काही खासदार तुरुंगात होते, काही परागंदा. हजर असलेल्या ९४ पैकी ९४ जणांनी विरोधात मत दिलं. बाजूने ४४४. हिटलर चॅन्सेलर झाल्याला ५२ दिवस झाले होते.

त्यानंतरचं सगळं वेगाने झालं. एप्रिलमध्ये ज्यू आणि विरोधक नोकरशाहीतून बाहेर, २ मेला कामगार संघटना संपल्या, जूनमध्ये समाजवाद्यांवर बंदी, जुलैत केंद्र पक्षाने स्वतःला विसर्जित केलं आणि १४ जुलैला नाझींखेरीज पक्ष काढणं गुन्हा ठरलं. अधिकारी, प्राध्यापक, न्यायाधीश बहुतेक आपापल्या जागी राहिले, कारण कागदावर सगळं कायदेशीर होतं. फान डर लुबेला फाशीची तरतूद नसलेल्या गुन्ह्यासाठी मागाहून कायदा करून मृत्युदंड दिला, तोही कायदेशीर. ३० जून १९३४ पासूनच्या दोन-तीन दिवसांत हिटलरने आपल्याच तपकिरी गणवेशाच्या दलाचा प्रमुख र्‍योम, श्ट्रासर, जनरल श्लायशर आणि त्याची पत्नी यांना ठार करवलं; पापेनचे दोन जवळचे सहकारी मारले गेले, पापेन घरात कैद झाला. ३ जुलैला मंत्रिमंडळाने एका वाक्याचा कायदा करून हे खून वैध ठरवले. महिन्याभरात हिंडेनबर्ग वारला आणि हिटलरने राष्ट्राध्यक्षपदही स्वतःकडे घेतलं.

युद्धानंतर १९४८-४९ मध्ये बॉन शहरात नवी घटना लिहायला बसलेल्यांपैकी अनेकांनी हे स्वतः पाहिलेलं होतं. त्यांच्यात थिओडोर हॉइस होता. पक्षांतर्गत विरोध करूनही २३ मार्चला त्याने हिटलरच्या ठरावाच्या बाजूने मत दिलं होतं. तोच पश्चिम जर्मनीचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला, पण त्या पदाला आता कलम ४८ सारखे अधिकार उरले नव्हते. मानवी प्रतिष्ठा आणि लोकशाही राज्यरचना ही तत्त्वं कितीही मोठ्या बहुमताने बदलता येणार नाहीत असं कलम घातलं गेलं. १९३२ मध्ये नाझी आणि कम्युनिस्ट मिळून कुठलंही सरकार पाडू शकत होते, पण एकही बनवू शकत नव्हते. म्हणून नव्या घटनेत अविश्वास ठराव आणणाऱ्याने त्याच ठरावात नवा चॅन्सेलरही निवडायचा असतो. या पद्धतीने सरकार बदललं ते एकदाच, १९८२ मध्ये, जेव्हा हेल्मुट श्मिटच्या जागी हेल्मुट कोल आला.